टिटवीने मांडलेले शिंपले

बाळांनो, तळ्याजवळच्या एका उघड्या माळावर एक टिटवी आणि तिचा टिटवा राहत असत. टिटवीचे घरटे तुम्ही कधी पाहिले आहे का? नसणारच, कारण ते दिसतच नाही. जमिनीत जरासा खळगा, भोवती मूठभर खडे, की झाले घरटे! त्यात त्यांची चार मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी होती. गेल्या खेपेची अंडी गुरांच्या पायांखाली फुटली होती, म्हणून दोघांचा सारा जीव आता या चार अंड्यांत होता. एक अंड्यांवर बसे, तेव्हा दुसरा पहारा देई. एक डोमकावळा रोज डोक्यावरून जाई, पण खडे कुठले आणि अंडी कुठली हे त्याला कधी कळले नाही.

एके दिवशी एक साळुंकी तुरुतुरु चालत तिथे आली. साळुंकीला स्वतःच्या घरापेक्षा दुसऱ्याच्या घराची काळजी फार! ती म्हणाली, "अगं, उद्या तळ्यावरची बगळी तुझी अंडी बघायला येणार आहे. केवढी टापटिपीची ती! आणि तिला तू हे दाखवणार? माती आणि खडे?" टिटवीचे तोंड एवढेसे झाले. साळुंकी जाताच ती खडे उकरून बाजूला फेकू लागली. टिटवा घाबरून म्हणाला, "अगं, आपलं घरटं कुणी बघावं म्हणून नाहीच. ते दिसू नये यातच सगळं आलं!" टिटवी म्हणाली, "अहो, एका दिवसाचा तर प्रश्न. ती गेली की पुन्हा होतं तसं करू. चारचौघांत आपली काही शोभा राहायला नको का?" टिटव्याला तिचे मन मोडवले नाही. तेवढे त्याने मोडले असते तर फार बरे झाले असते.

संध्याकाळपर्यंत टिटवीने तळ्यावरून पांढरे शिंपले आणून खळग्याभोवती मांडले आणि आत पांढऱ्या पिसांची गादी घातली. सकाळी उन्हात ते सारे लखलखू लागले. टिटवीला आपल्याच घरट्याचे कौतुक वाटले. "पाहुणीसाठी चांगले मोठे नाकतोडे आणा," असे सांगून तिने टिटव्याला पाठवले. मग तिचे लक्ष स्वतःच्या धुळकट पायांकडे गेले. "आत्ता धुऊन येते, एवढ्यात काय होतंय," म्हणत ती तळ्याकडे पळाली. अंडी पहिल्यांदाच एकटी राहिली.

ती परतली तेव्हा गादीवर नुसती टरफले पडली होती. डोमकावळा जवळच्या बाभळीवर चोच पुसत बसला होता. "रोज इथूनच जातो मी," तो म्हणाला, "पण तुझं घर आजच दिसलं. फार छान सजवलंस हो!" आणि तो उडून गेला. टिटवी आकांत करत माळभर धावली. पण रडून फुटलेली अंडी जुळतात का?

इतक्यात बगळी आली. तिच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि चोचीत टिटवीसाठी आणलेली एक मासोळी होती. टरफले पाहून मासोळी तिच्या चोचीतून गळून पडली. "माझं घरटं वावटळीत गेलं गं," ती रडत म्हणाली. "यंदा मला पिल्लं नाहीत. म्हटलं, तुझी अंडी तरी डोळे भरून बघावीत." मग तिची नजर भोवती गेली. "आणि हे शिंपले कशाला गं मांडलेस?"

टिटवा नाकतोडा घेऊन आला, त्याने सारे पाहिले आणि नाकतोडा खाली ठेवला. तो एकेक शिंपला उचलून तळ्यात टाकून येऊ लागला. शेवटचा शिंपला टिटवीने स्वतः उचलला.

तात्पर्य : जो मायेने आपल्याकडे येतो त्याला आपला थाटमाट नको असतो, आणि जो थाटमाट पाहून येतो तो आपला नसतो.