मेहुण्याच्या शिव्या

एका डोंगराळ अभयारण्यात ग्रॅनाइटचा एक थोरला घुमट होता. झाड नाही, गवत नाही, म्हणून पायथ्याच्या गावात त्याला 'टकल्या' म्हणत. त्याच्या दरीकडच्या अंगाला आग्यामाश्यांची पोळी लटकत. वर्षातून एकदा मध काढायची परवानगी मिळे. एकाने माथ्यावर दोर धरायचा, दुसऱ्याने त्या दोराने खाली उतरायचं. मध्ये दगडाचा फुगवटा, त्यामुळे खालच्याला वरचा दिसत नसे. म्हणून गावाची रीतच होती, की दोर धरावा तो बायकोच्या भावाने. आपल्याच बहिणीचं कुंकू कोण पुसेल?

लखमा मध काढण्यात पटाईत होता. पण त्याचा मेहुणा बुधा तोंडाचा फाटका. "आमचे दाजी म्हणजे अकलेचे कांदे," असं तो चारचौघांत म्हणे. यंदा ते लखमाला फारच झोंबलं. "माझा दोर रावजी धरेल," त्याने सांगून टाकलं. रावजी अंगाने दणकट आणि बोलायला गोड. "लखमादादा, तुझ्यासाठी जीव देईन," हे त्याचं नेहमीचं. बोलायला काय जातं!

बुधा चिडला, पण घरी काही गेला नाही. माथ्यावरच थोडा दूर, पाठ फिरवून बसला.

लखमा खाली उतरला. त्याने पोळ्याखाली धूर केला आणि नेमका वारा फिरला. चवताळलेल्या माश्या थेट माथ्यावर गेल्या. पहिला डंख बसताच रावजीने दोर सोडला आणि धूम ठोकली. दोर ढिला पडला. लखमा सरसर घसरू लागला. "रावजी! रावजी!" त्याने हाका मारल्या. खाली नुसती दरी. आता आपण संपलो, असं त्याला वाटलं.

इतक्यात दोर ताठ झाला.

"दाजी, अक्कल शेण खायला गेली होती काय?" वरून आवाज आला. "वारा न बघता कुणी धूर करतं? पाय टेका दगडाला, पाय!"

आवाज ओळखताच लखमाच्या जिवात जीव आला. बुधा एकेक शिवी देत होता आणि हात-हात दोर ओढत होता. लखमाला वाटलं, याने असंच बोलत राहावं, थांबू नये.

तो माथ्यावर पोचला तेव्हा बुधाचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं आणि तळहात सोलवटले होते. लखमाला रडू कोसळलं. मग माश्या पांगल्यावर तिथेच बसून तो मेहुण्याच्या अंगातले माश्यांचे काटे एकेक करून काढू लागला.

"हळू काढा," बुधा म्हणाला.

तात्पर्य: गोड बोलतो तो आपला नव्हे; आपण पडलो तर ज्याचं काळीज तुटेल तो आपला, मग त्याची जीभ कितीही कडू असो.