पहिल्या रांगेतला गालिचा

एका गावात एक वृद्ध मौलाना होते. लोकांच्या आग्रहाने ते आमदार झाले. पाच वर्षे सरली, पुन्हा निवडणूक आली. उमेदवारांची यादी पक्की करण्याआधी त्यांच्या पक्षाचे एक पुढारी शुक्रवारच्या नमाजाला गावी येणार असे ठरले.

मौलानांचा शिष्य मुनीब हरखून गेला. पहिल्या रांगेत सर्वांआधी येऊन बसलेल्या बाशूमियाँ पिंजाऱ्याला त्याने उठवले. "चाचा, आजच्या दिवस मागे बसा. उस्तादांच्या तिकिटाचा प्रश्न आहे."

"बसतो रे बाबा. कापूस पिंजणाऱ्याला काय, पुढे काय नि मागे काय!" म्हातारा गुडघ्यांवर हात टेकत उठला. मुनीबने तिथे पुढाऱ्यांसाठी मखमली गालिचा अंथरला.

मौलाना पुढाऱ्यांना घेऊन पोहोचले तेव्हा मशीद भरून गेली होती. लोक अंग चोरून वाट देऊ लागले. मौलाना मात्र पुढचा गालिचा पाहून दारातच थांबले.

"मुनीब, तिथे कोण बसलं होतं?"

"बाशूचाचा."

"गालिचा उचल. त्यांची जागा त्यांना दे."

आणि पुढाऱ्यांचा हात धरून मौलाना चपलांजवळच्या शेवटच्या रांगेत बसले.

नमाज आटोपल्यावर पुढारी म्हणाले, "मौलाना, यादी अजून माझ्या खिशात आहे, बरं का!"

"असू द्या, जनाब. पण रांग माझ्या खिशात नाही."

गाडी धूळ उडवत गेली. मुनीबचे डोळे भरून आले. "उस्ताद, लोक तर खुशीने वाट देत होते!"

"खुशीने की सवयीने?" मौलाना शांतपणे म्हणाले. "जुम्म्याला लोकांच्या खांद्यांवरून पुढे जाऊ नये, हे तुला मीच शिकवलं. जो पहिला आला, तो पहिला बसला. अल्लाहच्या घरात ज्याला मागे सारलं, त्याचं गाऱ्हाणं विधानसभेत कोणत्या तोंडाने मांडू? तिकीट द्यायचं तर द्यावं, कापायचं तर कापावं. मी उभा राहणारच!"

दुपार कलायच्या आत निरोप आला. तिकीट कापले गेले होते.

अपक्ष उमेदवाराच्या अर्जावर दहा सूचकांच्या सह्या लागतात, हे मुनीबला ठाऊक होते. तो उठला, कोरा अर्ज घेऊन थेट पिंजाऱ्याच्या दुकानी गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "चाचा, माझं चुकलं. पहिली सही तुमची हवी."

देवळात अभिषेकाच्या रांगेत ओळखीने पुढे जावेसे वाटले, तर कोणाला मागे सारतो आहोत, हे आपणही एकदा मागे वळून पाहावे.