मथुरेचे नाव

अक्षरांचे खिळे जुळवून छपाई होई त्या काळची गोष्ट. एका छापखान्यात जुन्या वळणाचा, ठसठशीत लाकडी 'म' होता. नाटकांच्या जाहिरातींवर तो मिरवे. पण नाटक कंपनी गाव सोडून गेली आणि वर्षभर त्याला शाई लागली नाही.

एके दिवशी केशव शिंपी बायकोच्या तेराव्याचे पत्र छापायला आला. 'मथुरा' हे नाव जुळवायला मालकांनी मोठा 'म' काढला.

"सरका रे मुंग्यांनो!" तो बारीक खिळ्यांवर खेकसला.

केशवने कच्चा छाप पाहिला. "नाव झकास उठलंय, मालक. पण ती इतक्या मोठ्यानं कधी बोलली नाही."

मालकांनी मोठ्या 'म'ला पुसून ठेवले आणि बारीक 'म' उचलला.

"रागावलास, दादा?" बारीक 'म'ने विचारले.

"नाही रे," मोठा 'म' हळूच म्हणाला. "जा, नीट उमट."