एकवीस वेढ्यांची टोपली

एका गावात एक बुरडीण राहत होती. तिचे नाव सकवार. बांबू फोडण्यात, कामट्या तासण्यात आणि टोपल्या विणण्यात तिचा हात असा बसला होता की डोळे मिटून विणले तरी एक वेढा इकडचा तिकडे व्हायचा नाही. हे तिलाही पक्के ठाऊक होते. बाजारात कुणी टोपली उलटीपालटी करून पाहू लागले की ती म्हणायची, "पाहा, पाहा! पाणी ओतून पाहा. तेसुद्धा विचार करूनच गळेल!"

गावाला एक मोठे तळे होते. तळ्यात शिंगाड्याचे वेल पसरत. दिवाळी सरली की सारे गाव मिळून शिंगाडे काढी, काठावर त्यांचा ढीग घाली आणि घरटी एक टोपली वाटून घेई. टोपली एकवीस वेढ्यांची. ना एक कमी, ना एक जास्त. गावातली प्रत्येक टोपली सकवारच विणायची, म्हणून वाटपात पहिला मान तिचा. "सकवारचा हात म्हणजे गावाचं माप," असे लोक म्हणत, आणि ते ऐकताना तिची मान ताठ होई.

फक्त तिच्या स्वतःच्या टोपलीला सव्वीस वेढे होते.

हे एका वर्षात झाले नव्हते. आधी एकच वेढा वाढला. काही वर्षांनी दुसरा. बोट बोट करता टोपली इतरांपेक्षा वीतभर उंच झाली. पहिला मान तिचा, त्यामुळे तिच्या टोपलीशेजारी दुसरी टोपली नसेच. ती भरून घ्यायची, वर पळसाची पाने अंथरायची आणि झपाझप घर गाठायची. घरात खाणारी ती एकटी. शिंगाड्याचे पीठ मडक्यात मावेना. पावसाळ्यात त्याला किडे लागत आणि ती ते गुपचूप परसात कोंबड्यांपुढे टाकी. तरी पुढच्या वर्षी टोपली विणताना तिची बोटे एकविसाव्या वेढ्यावर थांबत नसत.

का थांबत नसत? लोक हावरटाला हावरट म्हणतात आणि मोकळे होतात. त्याच्या आत डोकावण्याची तसदी कोण घेतो? सकवारच्या आत एक सात वर्षांची मुलगी उभी होती. तेव्हा तिचे घर गावात नवीन आलेले. एका कोरड्या वर्षी ती आईचा हात धरून रांगेच्या शेवटी उभी राहिली, आणि ढीग त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच संपला. आई हसून म्हणाली, "बरं झालं. आपल्याला शिंगाडे बाधतातच." घरी गेल्यावर आईने चूल पेटवलीच नाही. पुढे सकवार मोठी झाली, नावाजली, तिची मडकी भरली. ती मुलगी मात्र अजून रांगेच्या शेवटीच उभी होती.

एका वर्षी पावसाने दगा दिला. तळे आटून अर्धे झाले. शिंगाड्यांचा ढीग एवढासा पडला, आणि ढीग लहान झाला तशी माणसांची मनेही लहान झाली.

"तुझ्या टोपलीचं पोट सुटलंय, चिंधूभाऊ!" रांगेत कुणी ओरडले.

"आणि तुझी काय उपास करते होय?" चिंधू उसळला.

तळ्याचा राखणदार म्हातारा सुकाजी काठी आपटून म्हणाला, "गप बसा! घरं चाळीस आहेत. एकवीस वेढ्यांनी मोजलं तर चाळिसाव्या घरालाही मूठभर पोचेल. आज एकाच टोपलीने मोजून सगळ्यांच्या पदरात ओतू. सकवारच्या! जिने गावाचं माप विणलं, तिच्या घरचं माप चुकेल कसं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सकवारने टोपली अंगाशी ओढली. विणणारीची नजर ती. एका क्षणात तिला दिसले की आपल्या टोपलीने मोजले तर बत्तिसाव्या घरालाच ढीग संपेल. आठ घरे कोरडी राहतील. गप्प बसले तर कुणाला कळणार नाही. पहिली टोपली आपलीच, तीही शिगोशीग. आणि बोलले तर? जन्मभर कमावलेले नाव पाण्यात.

तिने रांगेच्या टोकाकडे पाहिले. तिथे गावात नवीन आलेली कुंभारीण उभी होती, लेकीला घेऊन.

"आई, आपल्याला मिळेल ना?" लेकीने विचारले.

कुंभारणीने टाचा उंचावून ढीग पाहिला आणि ती हसली. "नाही मिळालं तर बरंच गं. आपल्याला शिंगाडे बाधतात."

ताणलेली कामटी कडकन मोडावी तसे सकवारच्या आत काहीतरी मोडले. ती टोपली घेऊन ढिगापुढे आली.

"हिने मोजू नका, सुकाजीबा. हिला सव्वीस वेढे आहेत."

सगळे टोपलीचे वेढे मोजायला वाकले. मग चिंधू कपाळावर हात मारून म्हणाला, "आणि मी इतकी वर्षं म्हणतोय, माझीच टोपली म्हातारपणी आकसली काय!" काही जण हसले. सगळे नाही. मागून एक बाई कडाडली, "मापाच्या घरातच चोर! वर पहिला मान!"

सुकाजीने हळूच विचारले, "का गं, पोरी? तुला काय कमी होतं?"

"आता काहीच नाही, बा. लहानपणी एकदा याच रांगेत शेवटी रिकामी राहिले. ती भीती भरत बसले. पीठ किड्यांनी खाल्लं. भीती आहे तेवढीच आहे."

तिने कमरेचा कोयता काढला. विणून झालेली टोपली बुरूड कधी कापत नाही. ते हाताला बट्टा लावणे. सकवारने सगळ्यांदेखत टोपलीचा काठ कापला आणि एक एक करून पाच वेढे उतरवले. वर दातेरी कामट्या उघड्या राहिल्या.

"आता मोजा. आणि माझी पाळी शेवटी."

मोजणी झाली. कुंभारणीच्या लेकीसमोर भरलेली टोपली आली तेव्हा ती पोर दोन्ही हातांनी शिंगाडे चाचपत राहिली. चाळिसावी सकवार. ढिगाच्या तळाशी चिखलाने माखलेले बारा शिंगाडे उरले होते. ते टोपलीत पडले, आणि सकवार त्या जुन्या भीतीची वाट पाहत उभी राहिली. भीती आली नाही.

तिने टोपली डोक्यावर घेतली आणि भर गावातून चालू लागली.

"सकवार, पानं अंथरायची विसरलीस!" चिंधू ओरडला.

"राहू दे, चिंधूभाऊ! आज पाहू दे सगळ्यांना!"

इतकी ताठ मान तर तिची पहिल्या मानाच्या दिवशीही कुणी पाहिली नव्हती.

पुढच्या वर्षी तळे काठोकाठ भरले. सुकाजीने मोजायला तीच काठ कापलेली टोपली मागवली.

"नवी विणून देते की, बा," सकवार म्हणाली.

"नवीचं कुणी सांगावं? हिची मात्र साऱ्या गावाला खात्री आहे," म्हातारा म्हणाला, आणि पहिली टोपली त्याने तिच्याच पदरात ओतली.

तात्पर्य: हाव पोटातून नाही, जुन्या भीतीतून जन्मते; ती भीती साठवून मिटत नाही, उघड कबूल केली तरच मिटते. आणि जो ती कबूल करतो, त्याचीच मान खरी ताठ.