हाकेत न बसणारं नाव

काही माणसं पोरांची नावं अशी निवडतात, जशी ताटातली चटणी निवडावी. शेजारच्या पदार्थाला शोभली की झालं. ज्याला ते नाव जन्मभर वागवायचं त्याचं काय, हे विचारायला त्यांना सवड नसते. वर कौतुकाने म्हणतात, किती गोड जुळलंय.

फार पूर्वी डोंगरमाथ्यावर शेळ्या पाळणाऱ्यांचं एक गाव होतं. तिथले लोकही असेच. गावासमोर खोल दरी होती आणि दरीपलीकडे एक उभा काळा कडा. इकडून हाक मारली की कडा ती जशीच्या तशी परत द्यायचा. संध्याकाळी माथ्यावर पांगलेल्या पोरांना बोलवायला प्रत्येक आई काठावरच्या खडकावर उभी राहायची आणि सगळ्यांची नावं एका दमात घ्यायची. म्हणून गावात नाव ठेवायची रीतच तशी पडली होती. बारशाला आत्या नाव सुचवायची, आई ते थोरल्या भावंडांच्या नावांमागे लावून कड्याला ऐकवायची. परत आलेली हाक कानाला गोड लागली, तरच ते नाव बाळाला मिळायचं.

सगळ्यांत गोड हाक होती एका शेळीवालीची. तिची मुलं तानू, भानू आणि सानू. ती हाक निघाली की बायका हातातलं काम थांबवायच्या. "एका दोरीत ओवलेली घुंगरं जणू," म्हणायच्या. मुलांची आत्या मान ताठ करायची, कारण तिन्ही नावं तिनेच सुचवलेली.

माथ्यावरून एक घाटवाट खाली समुद्राकडे जायची. वर्षातून एकदा त्या वाटेने मीठवाले बैलांवर गोण्या लादून वर यायचे. एका वर्षी त्यांच्यातली एक बाई तापाने फणफणत आली आणि शेळीवालीच्या ओसरीवरच गेली. मागे राहिली तिची लहान मुलगी. मीठवाल्यांना थांबणं शक्य नव्हतं, आणि तिला सांभाळणारं नात्याचं त्यांच्यात कुणी नव्हतं.

शेळीवाली नवऱ्याला म्हणाली, "तिघं जेवतात तिथं चौथी जेवेल."

नवऱ्याने आणखी एक घोंगडी अंथरली.

"नाव काय गं तुझं?" तिने मुलीला विचारलं.

"समिंदरा. आईनं ठेवलंय."

दुसऱ्या संध्याकाळी शेळीवाली खडकावर गेली. तानू, भानू, सानू नेहमीसारखी सुरळीत गेली. समिंदरापाशी दम संपला. नाव मधेच तुटलं आणि कड्याने तुटलेलंच परत दिलं. जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"वहिनी, घुंगरांत घंटा बांधलीस की काय?" आत्या म्हणाली. "हिला जानू म्हण. तानू, भानू, सानू, जानू. बघ कसं सरसर जातं."

"पण वन्सं, तिच्या आईनं ठेवलेलं नाव आहे ते."

"आई गेली बिचारी. आता आई तू. पोर परकी वाटायला नको असेल, तर नाव घरातलं दे."

शेळीवालीला ते पटलं. खरं सांगायचं तर पटलं नव्हतं. पण ती हाक फार गोड झाली होती.

मुलगी कुरकुर करणारी नव्हती. दिलेली भाकरी खायची, करडांना पाला घालायची. फक्त संध्याकाळी हाक आली की जागची हलायची नाही. रोज भानू जाऊन तिला हाताला धरून आणायची.

"तिला ऐकू येत नाही का गं?" आईने विचारलं.

"येतं की," भानू म्हणाली. "ती तर मलाच विचारते, ही जानू कोण, आणि एवढं बोलावूनही घरी का जात नाही."

आई हसली. पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

मग एका दुपारी दरीतून धुकं चढलं. असं दाट, की हातातली काठी दिसेना. पोरं शेळ्यांच्या शेपट्या धरून घरी आली. तानू आला, भानू आली, सानू आला. चौथी आली नाही.

"डबक्यापाशी होती," तानू म्हणाला. "मग दिसलीच नाही."

माथ्यावर धुकं आलं की काठ कुठे संपतो ते कळत नाही. अशा वेळी शोधायला जाणं म्हणजे दरीत पाय घालणं. हाक मारणं तेवढं हातात होतं. शेळीवाली खडकावर उभी राहिली. तानू, भानू, सानू, जानू. कड्याने ती गोड हाक परत दिली. कुणी आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली, मग पुन्हा. तिचा आवाज फाटायला लागला.

"तिच्या नावानं बोलव," नवरा म्हणाला.

"अहो, एका दमात बसत नाही ते."

"मग दोन दम घे."

खडकापाशी जमलेल्यांतली आत्या एक पाऊल मागे सरली.

शेळीवालीने तीन नावं घेतली आणि थांबली. त्या खडकावर हाकेच्या मधे आजवर कुणी थांबलं नव्हतं. तिने छाती भरून श्वास घेतला आणि आपल्यात होतं नव्हतं ते सगळं त्या एका नावात ओतलं. "समिंदराऽऽऽ"

काही क्षण नुसतं पांढरं धुकं होतं. मग कडा बोलला. आधी तीन छोटी नावं आली, खडे वाजावेत तशी, एकेक वेगळं. इतकी स्वच्छ ती कधीच ऐकू आली नव्हती. त्यांच्यामागून ते लांब नाव उठलं. उठलं, पसरलं, या काठापासून त्या काठापर्यंत दरी भरून आलं. मागच्या डोंगरांनी ते उचललं, त्यांच्याही मागच्यांनी उचललं, आणि ते पुन्हा पुन्हा येऊन सगळ्यांच्या पायांशी ओसरत राहिलं. त्या गावात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. तरी आपल्यापुढे फार मोठं काही आलं आहे, हे प्रत्येकाला कळलं. शेळ्या रवंथ थांबवून उभ्या राहिल्या. आत्याने नकळत पायांतल्या वहाणा काढल्या.

आणि घाटवाटेकडून बारीक आवाज आला, "आले."

धुक्यातून ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांवर थेंब होते आणि पाय ओरखडले होते.

"कुठं गेली होतीस गं?" शेळीवालीने तिला घट्ट धरत विचारलं.

"घरी. खाली." ती म्हणाली. "माझं नाव ठाऊक असलेली माणसं खालीच आहेत असं वाटलं. मग हाक वरून आली."

शेळीवालीने पदराने मुलीचे केस पुसले, पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

पुढच्या वर्षी त्या घरात पाळणा हलला. बारशाला सगळा गाव लोटला. आत्या या खेपेला नाव ठरवून आली नव्हती, त्यामुळे बायकांना मोकळं रान मिळालं. एकीचं म्हणणं, नाव सानूशी जुळायला हवं. दुसरीचं म्हणणं, आता समिंदराशीच जुळवा, तेवढंच लांब, तेवढंच मोठं. वाद रंगला. आवाज चढले. बाळ रडायला लागलं तरी कुणाला ऐकू येईना.

बाळाला शेक द्यायला आलेली म्हातारी सुईण कोपऱ्यात शेगडी फुंकत बसली होती. या गोष्टीचं तात्पर्य सांगायचं काम शेवटी तिनेच उरकून टाकलं:

"नावं एकमेकांना शोभली तर चांगलंच आहे गं बायांनो, पण आधी ज्याचं त्याला शोभू दे. आणि जरा या पोराच्या तोंडाकडे बघा, मघापासून सगळ्याजणी एकमेकींकडेच बघताय."