सशाचा वाफा आणि लाल कोळी

एका डोंगराच्या उतारावर एक ससा राहत असे, आणि त्याला स्ट्रॉबेरीचे भारी वेड होते. पलीकडच्या डोंगरावरून त्याने तोंडात धरून एकच रोप आणले होते. त्या रोपाला फांद्या फुटत गेल्या, त्या मातीत रुजल्या आणि दोन वर्षांत चाळीस रोपांचा वाफा उभा राहिला. साऱ्या उतारावर दुसरीकडे स्ट्रॉबेरी होती ती फक्त बांधापलीकडे, एका म्हाताऱ्या काटेरी साळूच्या दारात, आणि तीही सशानेच दिलेल्या डझनभर रोपांची. त्या वर्षी थंडी सरता सरता लाल कोळी आले. सुईच्या टोकाएवढा हा किडा पानाच्या मागे बसतो, रस शोषतो आणि बारीक जाळे विणतो. पहिला कोळी दिसला मात्र, सशाचे डोकेच फिरले.

त्या दिवसापासून त्याला दुसरे काही सुचेना. सकाळी उजाडले की पंजा पोचेल ते प्रत्येक पान उलटायचे आणि पुसायचे. शेवटचे रोप पुसून होईपर्यंत पहिल्या रोपावर नवा कोळी हजर. "यांना दुसरं रान नाही का?" तो करवादायचा. रोपांना जोर यावा म्हणून त्याने लेंडीखत घातले, आठवड्याने पुन्हा घातले, मग आणखी एकदा घातले. पाने कशी लुसलुशीत, हिरवीगार झाली. तळहाताच्या फोडासारखा जपला त्याने तो वाफा. कोळ्यांना मात्र ती कोवळी पाने आणखीच आवडली, हे त्याच्या लक्षात येईना. कोणी सांगितले असते तरी त्याने ऐकून घेतले नसते.

सर्वांत जास्त राग यायचा तो साळूचा. तिच्या पानांवर पांढरे ठिपके पडले होते, कोळी उघड उघड फिरत होते, आणि ही आपली दारात बसून कंद कुरतडत होती. एक दिवस न राहवून ससा बांधावर चढला. "साळूबाई, तुमच्या आळसापायी माझं वाटोळं होतंय. तुमच्याकडचे कोळी माझ्याकडे येतात."

"येत असतील बाबा," साळू म्हणाली. "मीही रोज बघते हो. फारच माजले तर तेवढं पान तोडते. चार-दोन असले तर राहू देते."

"राहू देता?" सशाने कपाळावर पंजा मारला आणि तरातरा परत जाऊन पुन्हा पाने पुसायला लागला.

पुढे व्हायचे तेच झाले. पुसता पुसता सशाच्या पंजात बाभळीचा काटा रुतला, पंजा सुजला आणि तो बिळात पडून राहिला. फक्त चार दिवस. पाचव्या दिवशी लंगडत बाहेर आला, तो वाफा ओळखू येईना. रोपे तांबूस पडली होती आणि टोकांपासून मुळापर्यंत जाळ्यांनी वेढली होती. फुले जागीच सुकली होती. सशाने एक पान धरले तर त्याचा चुरा पंजात आला. बांधापलीकडे साळूची तीच ठिपकेदार, खरबरीत पाने ताठ उभी होती, आणि त्यांच्याखाली हिरवी फळे धरली होती.

"हा कुठला न्याय?" ससा रडकुंडीला आला. "रोपं एकाच आईची. मी रक्ताचं पाणी केलं, तुम्ही बसून राहिलात, आणि वाचली ती तुमची."

"अरे, माझ्या रोपांना कोळी चावले ना, तेही थोडेसे असताना," साळू म्हणाली. "चावा बसला की रोप सावध होतं, पानात कडवटपणा आणतं. मागून येणाऱ्याला मग ते रुचत नाही. तुझी रोपं सावध होणार कधी? चावा बसायच्या आधीच तुझा पंजा पोचायचा. वर खत घालघालून तू पानं इतकी मऊ केलीस, की चावणाऱ्याची मेजवानी."

"पण मी त्यांना काही म्हणता काही होऊ दिलं नाही," ससा म्हणाला.

"तेच सांगतेय मी."

सशाला भयंकर राग आला. म्हातारी आपली चूक झाकायला काहीतरी रचून सांगते आहे, असे त्याला वाटले. फणफणत तो वाळलेली रोपे उपटू लागला. एकोणचाळीस उपटून झाली. चाळिसावे होते कोपऱ्यातल्या करवंदीच्या जाळीत. काट्यांमुळे तिथे त्याचा पंजा कधी पोचला नव्हता, खतही पडले नव्हते. पाने लहान होती, त्यांवर जुने ठिपके होते, आणि मधोमध एक पांढरे फूल उमलले होते. सशाने पान हळूच उलटून पाहिले. दोनच कोळी होते, तेही काढता पाय घेत होते. उतारावरच्या त्याच्या साऱ्या स्ट्रॉबेरीत तेवढे एकच रोप जगले होते, आणि ते त्याने न जपलेले होते.  साळूकडे बघायची सशाला लाज वाटली.

त्या एका रोपापासून त्याने पुन्हा वाफा धरला. पुढच्या वर्षी थंडी सरताना एका कोवळ्या पानामागे पहिला कोळी दिसला. सशाचा पंजा आपोआप वर गेला. मग दात-ओठ खात त्याने तो खाली घेतला, अंगाखाली दाबून धरला आणि म्हणाला, "चाव बाबा. पण मी इथंच बसलोय, लक्षात ठेव."

तात्पर्य : ज्याला आपण कधीच काही सोसू देत नाही, त्याला वेळ आल्यावर काहीच सोसवत नाही.