सशिणीच्या तळीतल्या चिलाप्या

एका डोंगराच्या माथ्यावर मोठा सडा होता. सडा म्हणजे उघडा कातळ. माती पाहिली तर नखभर. त्या सड्याच्या कडेला करवंदीच्या जाळीत एक सशीण आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत येई, पण उन्हे तापू लागली की सगळे वाळून जाई. हिरवा पाला खाली दरीत मिळे, आणि दरीत कोल्हा असे. पिल्लांना एकटे सोडून जाण्याचे सशिणीला धाडस होत नसे. घराशेजारी कातळात एक तळी होती. तिचे पाणी कधी आटत नसे, पण नुसत्या पाण्यावर पिल्ले उन्हाळा कसा काढणार, हा घोर तिला लागला होता.

त्यावर एका म्हाताऱ्या कासवाने तिला तोड सांगितली. लव्हाळ्याची चटई विणून तळीवर तरंगत ठेवायची. तिच्यात अळू आणि घोळीची रोपे खोचायची, म्हणजे मुळे पाण्यात लोंबत राहतील. पाण्यात मासे सोडायचे. माशांची घाण हे मुळांचे खत, आणि मुळांनी ती शोषून घेतली की माशांना पाणी पुन्हा स्वच्छ. मातीची गरजच नाही. सशिणीच्या डोळ्यांसमोर लगेच हिरवी पाने आणि त्यांखाली चमकणारे मासे आले. सोनेरी मासे मिळतील का, असे तिने हळूच विचारून पाहिले.

कासवाने तिलाच उलट प्रश्न केले. पाणी वाहते का? नाही, साचलेले आहे. वैशाखात कितपत तापते? दुपारी चांगले कोमट होते. माशांना खायला काय घालशील? उंबराची पडलेली फळे, वाळवी, जे मिळेल ते.

"मग चिलापी," कासव म्हणाले. "मासा निवडताना पाण्याकडे बघायचं, पोरी. बाकी कुणाकडे नाही."

दोन दिवसांनी ते खालच्या धरणातून सहा चिलाप्या ओल्या शेवाळात गुंडाळून घेऊन आले. सशीण बघत राहिली. रंग राखाडी, ओठ जाड, अंगावर चिखल ओघळल्यासारखे पट्टे. तिचा हिरमोड झाला. चिलाप्या मात्र घालाल ते खात. सशिणीने मागच्या पायाने कातळावर दोनदा थापटले की सहाही जणी वर येऊन तोंडे उघडीत, आणि थोरली चिलापी आज कोणते मूळ किती लांबले ते सांगे. महिनाभरात अळूचे पान सशिणीच्या कानाएवढे झाले.

मग पिल्लांचे उष्टावण ठरले. आईच्या दुधानंतर पिल्ले पहिले हिरवे पान खाणार होती, आणि ते पान घरच्या तळीतले होते. सशिणीने आजूबाजूच्यांना बोलावले. खार आली, तितर आला, आणि सगळ्या डोहांची खबर ठेवणारा निळा खंड्याही आला. पाहुणे यायच्या आधी सशिणीने एक गोष्ट केली. चटईच्या कडेला पाण्याचा मोकळा कोपरा होता, तो तिने अळूच्या पानांनी झाकून टाकला. मासे दिसले नाहीत तर बरे, असे तिला वाटत होते.

पहिले पान सगळ्यात धाकट्या पिल्लाने खाल्ले. त्याला ते इतके आवडले की आनंदाच्या भरात त्याने आईसारखे पाय कातळावर आपटले, एकदा आणि पुन्हा एकदा. लागलीच झाकलेली पाने हलली आणि त्यांच्यामधून सहा जाड ओठांची तोंडे वर आली.

खंड्याने मान वाकडी करून खाली पाहिले. "वहिनी, एवढा थाट केलात आणि तळीत चिलापी? धरणावर हिला कुणी विचारत नाही. कावळासुद्धा दुसरं काही मिळालं नाही तरच उचलतो."

"राखेत लोळून आल्यासारख्या दिसतायत," खार म्हणाली. तितर खो खो हसला.

सशिणीचे कान गरम झाले. सगळे आपल्याकडेच बघत आहेत असे तिला वाटले, आणि विचार करण्याआधीच ती बोलून गेली.

"या आमच्या नाहीत हो. कासवआजोबांच्या आहेत. दोन दिवसांपुरत्या ठेवल्यात."

थोरल्या चिलापीचे उघडलेले तोंड हळूहळू मिटले. ती पाण्याखाली गेली आणि तिच्यामागून बाकीच्या पाचही जणी गेल्या. पाण्यावर सहा लहान वर्तुळे राहिली. मुलांनो, सशिणीने ती पाहिली होती, पण तिने दुसरीकडे बघितले.

आता खोटे बोलले म्हणजे ते खरे करून दाखवणे आले. खंड्याने मोठ्या मनाने सांगितले की वरच्या ओढ्यात सोनेरी खवल्यांचे खडस मासे आहेत, त्यांची सात पिल्ले तो आणून देईल. नको म्हणायला सशिणीची जीभ रेटली नाही. तिने अळूच्या पानात पाणी धरून एकेक चिलापी उताराखालच्या डबक्यात नेऊन सोडली. त्या डबक्यात गवे पाण्याला उतरत. सगळ्यात धाकटीने पानातून वर बघत विचारले, "दोन दिवस झाले का?"

सशिणीने पान पाण्यात कलते केले.

खडस आले. सातांचे पाच झाले होते. वाटेत दोन कसे कमी झाले ते खंड्याने सांगितले नाही, आणि त्याच्या टम्म पोटाकडे पाहून कुणी विचारलेही नाही. ते पाच मासे उन्हात खरोखर सोन्यासारखे झळकत. खारीने चारदा येऊन पाहिले, तितर आपल्या साऱ्या कुटुंबाला घेऊन आला. पण खडस हा वाहत्या, गार पाण्याचा मासा. त्या कोमट तळीत ते पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. उंबराला त्यांनी तोंड लावले नाही. फळे तळाशी सडली, पाण्याला वास येऊ लागला. अळूची पाने कडेने पिवळी पडली, घोळ तर विरघळूनच गेली. धाकटे पिल्लू एक पिवळे पान चघळून थुंकले आणि जाळीत जाऊन निजले. दुसऱ्या दिवशी ते उठून खेळायलाही आले नाही. त्याच दिवशी एक खडस पाण्यावर उलटा तरंगताना दिसला.

कासव आले ते नेमके तेव्हा. ते रागावले नाही. त्याने उरलेले चार मासे ओल्या शेवाळात घेतले आणि ओढ्याकडे निघता निघता एवढेच विचारले, "आणि त्या सहा जणी?"

सशिणीने मान खाली घालून उताराकडे बोट दाखवले.

उतार उतरताना तिने काय बोलायचे ते मनात जुळवले होते. पण डबके पाहिले आणि ते सगळे ती विसरली. पाणी आटून घोटाभर राहिले होते, आणि तेही रबडीसारखे. तिने भीत भीत दोनदा थापटले. बराच वेळ काही हलले नाही. मग चिखलातून एक जाड ओठांचे तोंड वर आले, मग दुसरे, मग सगळी सहा. थोरलीच्या शेपटीचा काठ गव्याच्या खुराखाली येऊन फाटला होता.

"ताई, अळूला नवीन पान आलं का?" तिने विचारले. "मी निघाले तेव्हा कोंब दिसत होता."

सशिणीला वाटले, हिने आपल्याला दोन शब्द सुनावले असते तर किती बरे झाले असते. "मी त्या दिवशी खोटं बोलले," ती कशीबशी म्हणाली.

"ऐकलं होतं आम्ही," थोरली म्हणाली.

सशिणीने सहाही जणींना परत तळीत आणले आणि सडलेली फळे उपसून काढली. पंधरा दिवसांत मुळे पांढरी झाली, अळूने नवी पाने टाकली. धाकटे पिल्लू पुन्हा बाहेर येऊन कातळावर उड्या मारू लागले. त्या उन्हाळ्यात सड्यावर गवताची काडी उरली नव्हती, पण सशिणीची तिन्ही पिल्ले हिरवे खाऊन वाढली.

वैशाख सरता सरता तेच पाहुणे पुन्हा आले. सशिणीने यावेळी एकही पान झाकले नव्हते. रात्रभर घोकून ठेवलेले वाक्य तिने सगळ्यांसमोर म्हटले. "या आमच्या चिलाप्या. यांच्यामुळे माझी पिल्लं जगली. मागे मी तुमच्याशी खोटं बोलले होते." तितर हसला नाही. खंड्या घसा खाकरून दरीकडे बघू लागला. सशिणीने पाय उचलला आणि कातळावर दोनदा थापटले.

कुणीच वर आले नाही.

तिने पुन्हा थापटले, मग वाकून पाहिले. सहाही चिलाप्या चटईखाली, मुळांच्या गर्दीत अंग चोरून बसल्या होत्या. पाहुण्यांना काही दिसू नये म्हणून थोरलीने आपली फाटकी शेपूटही आत ओढून घेतली होती. लपा असे त्यांना आज कुणी सांगितले नव्हते.

पाहुणे थोडा वेळ थांबले आणि गेले. सशीण कान पाडून तिथेच बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिने हलकेच थापटले, तशी सहा तोंडे लगेच वर आली.

"गेले का ते?" थोरलीने विचारले.

तात्पर्य : ज्यांच्या कष्टांवर आपले घर हिरवे राहते, त्यांना चारचौघांत आपले म्हणायला लाजू नये. आपली लाज एक दिवस निघून जाते, पण तिच्यापायी जे लपायला शिकले, ते लवकर बाहेर येत नाहीत.